बत्तीसची चिप आणि टाकीवरचं डबडं

माझ्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस खोटं बोलतो. "काहीच केलं न्हाई हो, आपोआप बंद पडलं." मग मी डबडं उघडतो आणि आतून मुंग्यांचं वारूळ निघतं, चहा निघतो, एकदा तर अख्खी पाल निघाली, वाळून पापड झालेली. गिऱ्हाइकाला पाल दाखवली तर ते म्हणालं, "ही आमची न्हाई."

घनसावंगीत बसस्टँडजवळ माझं रिपेरिंगचं दुकान आहे. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग छत्रीवाल्या डिशचे डबे, आणि आता राऊटर. राऊटर म्हणजे नेटचं ते दोन शिंगांचं डबडं, हे आता खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या धंद्यातल्या आठवणी लिहा" म्हटल्यावर मी म्हणालो, माझ्या आठवणी लिहायला घेतल्या तर अर्धा तालुका माझ्या अंगावर येईल. ते म्हणाले, मग तर लिहाच. लिहितो. कुणालाही अंगावर घेण्याचं माझं वय आता झालेलं आहे.

या धंद्यात मी नेमकं काय करतो ते आधी सांगून टाकतो, कारण माझ्या बायकोलाही ते लग्नानंतर तीस वर्षांनी कळलेलं नाही. ती पाहुण्यांना "हे डाग देतात" असं सांगते, डाग म्हणजे सोल्डरिंगचा.

राऊटरच्या पोटात दोन प्रकारची मेमरी असते. एक कपाट आणि एक ओटा. कपाट म्हणजे फ्लॅश चिप. करंट गेला तरी त्यातलं सामान जागेवर राहतं. राऊटरला चालवणारं सॉफ्टवेअर त्यात ठेवलेलं असतं. ओटा म्हणजे रॅम. काम चालू असताना सामान तिथे पसरायचं, करंट गेला की ओटा साफ. आता कंपन्या काय करतात, तर स्वस्तातल्या राऊटरला चार एमबीचं कपाट देतात. त्यात त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर कसंबसं कोंबतात, आणि वर कुलूप लावतात. हे करता येणार नाही, ते करता येणार नाही. मशीन तेवढ्यात दुसरं पुष्कळ काही करू शकतं, पण कंपनीची इच्छा नाही.

मग जगभरातल्या काही भल्या लोकांनी फुकटचं, सगळ्यांना उघडं असलेलं सॉफ्टवेअर लिहून ठेवलंय. त्याला ओपन सोर्स म्हणतात. ते घातलं की तेच डबडं दोन कोसांवरचा सिग्नल धरतं, एक लाईन गेली की गपकन दुसऱ्या लाईनवर जातं, सांगाल ते ऐकतं. पण ते चार एमबीच्या कपाटात मावत नाही. म्हणून मी जुनी चिप गरम हवेनं उपटतो आणि तिथं मोठी बसवतो. आठ पायांची चिप असते, तांदळाच्या चार दाण्यांएवढी. रॅमसुद्धा बदलतो, पण तिला सहासष्ट पाय असतात, आणि माझे डोळे आता सहासष्ट पायांचे राहिले नाहीत. तेव्हा ज्याची रॅम मुळात बरी आहे असंच मशीन मी हातात घेतो.

चिप निवडणं हीच खरी कला आहे. डाग काय, कुणीही देतं. चिप कुठल्या व्होल्टेजवर चालते, तो राऊटर तिला ओळखतो का, आणि मुख्य म्हणजे ती अस्सल आहे का, हे बघावं लागतं. एकदा मी बाहेरगावाहून पन्नास चिपांची पट्टी मागवली. वर छापलेलं सोळा एमबी. लिहून बघितलं तर चार एमबीच्या पुढे गेलं की परत पहिल्यापासून त्याच जागेवर लिहायची. कुणीतरी जुन्या चिपा घासून वर नवा नंबर छापला होता. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "सर, आपके यहाँ का वोल्टेज खराब है." म्हणजे आमच्या घनसावंगीचा करंट एवढा बिघडलेला की सोळाचे चार करतो! तेव्हापासून मी प्रत्येक चिप काठोकाठ भरून, परत वाचून बघतो आणि मगच वापरतो.

दुसरी गोष्ट अशी की जुनी चिप उपटायच्या आधी ती वाचून ठेवायची. प्रत्येक राऊटरचा स्वतःचा नंबर आणि त्याच्या रेडिओची मापं त्या चिपेच्या शेपटाकडे लिहिलेली असतात. ती ज्याची त्यालाच द्यायची. हे मला आज पाठ आहे, कारण मी एकदा ते केलं नाही. गावातले दोन सख्खे भाऊ, वाटणी झालेली, मधे भिंत, दोघांचं बोलणं बंद. दोघांनी एकाच दिवशी, एकमेकांना न कळवता, एकसारखे राऊटर मी नसताना दुकानात आणून टाकले. मला वाटलं एकच माणूस दोन घेऊन आलाय. घाईत एकाची फाईल दोन्हीत भरली. आता दोघांचं कनेक्शन एकाच केबलवाल्याचं, आणि दोन्ही डबडी एकाच नंबरची. थोरल्याचं चालू झालं की धाकट्याचं बंद. धाकट्यानं चालू केलं की थोरला भिंतीपलीकडून शिव्या द्यायचा. "मुद्दाम करून राह्यला भाडखाऊ!" आठ दिवसांत गोष्ट काठ्यांवर आली. मी जाऊन दोघांसमोर हात जोडले. तेव्हा दोघं मिळून मला जे बोलले ते इथं छापता येणार नाही, पण पाच वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालेलं होतं.

आणि एक वकीलसाहेब. "मिस्त्री, मेमरी डबल करा, म्हणजे नेटचा स्पीड डबल होईल." मी म्हणालो, साहेब, घरात मोठं कपाट आणलं म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही. ते म्हणाले, "तुम्ही करा हो, मी जबाबदार." केलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, फरक जाणवतोय.

असे किस्से पोतंभर आहेत. पण ज्याच्यासाठी मी हा कागद काढला, तो एकच आहे. आजपर्यंत कुणाला सांगितलेला नाही.

गोदाकाठी एक गाव आहे, आमच्यापासून बसनं पाऊण तास. नाव लिहीत नाही. तिथली एक सून, रेणुका. जालन्याला शिकलेली, बोलायला चोख. नवरा मच्छिंद्र साखर कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवतो, सीझन लागला की तिकडे कारखान्यावर, अंकुशनगरलाच मुक्काम. घरी ती, तिची लेक आणि सासरा रामा आप्पा. आप्पाच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली, आप्पाकडं आता पंधरा-वीस शेळ्या आणि दोन एकर रान.

रेणुकाला एका मोठ्या दवाखान्याच्या हेल्पलाईनचं काम मिळालं. घरी बसून फोन घ्यायचे, लोकांना डॉक्टरची वेळ द्यायची, सकाळी आठ ते पाच. एक महिना परीक्षेचा. त्या महिन्यात ड्युटीवर असताना लाईन दोनदा तुटली की काम गेलं, असा कंपनीचा नियम. आणि गावात मोबाईलचं नेट असं, की व्हिडिओ लावला तर हलणारा माणूस फोटो होऊन जायचा.

ती माझ्याकडं आली तेव्हा आप्पाही सोबत होता. दुकानाच्या पायरीवर बसून मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होता. "दिवसभर कानाला टोपडं लावून परक्या मानसांसंगं बोलत बसायचं. ह्ये काय काम हाय का?"

"मामा, काम आहे ते," रेणुका सासऱ्याला म्हणाली. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "काका, हे हातचं गेलं तर परत मला कुणी घराबाहेरचं काही करू देणार न्हाई. आत्ताच कसेबसे हो म्हणलेत. एकदा पण नेट जायला नको."

मी एकदम फॉर्मात आलो. पलीकडच्या मोठ्या गावात फायबर आलेलं होतं. तिथल्या ओळखीच्या माणसाच्या गच्चीवरून सिग्नल सोडायचा, इकडे पाण्याच्या टाकीवर धरायचा. ग्रामपंचायतीची परवानगी रेणुकानं आणली. टाकीवर दिव्याचा करंट होताच. तिथं पत्र्याच्या पेटीत राऊटर, शिंगं बाहेर आणि खालून दिवा दिसेल एवढं भोक, सोबत लहान बॅटरी, म्हणजे लाईट गेली तरी डबडं चालू. सिग्नल गेलाच तर सिमवाल्या डोंगलवर आपोआप जायचं. टाकीवरून तिच्या घरापर्यंत केबल. हे सगळं त्या उघड्या सॉफ्टवेअरमुळे शक्य होतं, आणि त्यासाठी चिप मोठी लागणार होती.

सोळा एमबीची पुरली असती. बिलकुल पुरली असती. पण माझ्याकडं नुकत्याच बत्तीसच्या चिपा आल्या होत्या, अस्सल, तपासलेल्या, आणि मला त्या कुणालातरी लावून दाखवायची खाज सुटली होती. "रेणुका, तालुक्यात कुणाच्या राऊटरला नाही अशी चिप तुला लावतो," असं मी तिला फुशारकीनं सांगितलंसुद्धा. टेबलावर दहा वेळा पिन काढून लावून बघितली. दहाही वेळा डबडं झटक्यात उठलं. टाकीवर चढवलं. आणि माझ्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणं त्याला सांगून ठेवलं, की रोज पहाटे चार वाजता स्वतःचं स्वतः रिबूट व्हायचं, म्हणजे बंद होऊन परत चालू. स्वस्त मशीन दिवसेंदिवस चालू राहिलं की तुंबतं, म्हणून मी सगळ्यांनाच तसं लावून देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन. आप्पाचा.

"मिस्त्री, सून म्हनती डबड्यात नेट न्हाई. वर टाकीवरचा हिरवा दिवा बी दिसंना."

मी चहा पीत होतो. या धंद्यातला सगळ्यात जुना मंत्र मी म्हटला. "पिन काढून लावा आप्पा. होतं चालू."

थोड्या वेळानं परत फोन. "झालं चालू. पन ह्ये रोज करावं लागतं का?"

मी म्हणालो, "लागलं तर रोज करायचं."

आणि फोन ठेवून दुसरा कप घेतला. का झालं, कशानं झालं, विचारलं नाही. त्यानंतर फोन आला नाही, म्हणून मी समजलो की सगळं बराबर चाललंय. मधे एकदा बाजारात रेणुकाची शेजारीण भेटली, तीही म्हणाली की नेट एक नंबर आहे. माझी छाती वीतभर फुगली.

तीन आठवड्यांनी सकाळी नऊच्या सुमारास दुकानासमोर काळीपिवळी जीप थांबली. मागच्या सीटवर आप्पा आडवा, पायाला दोन्ही बाजूंनी फळी लावून धोतराच्या पट्टीनं बांधलेली, तोंड राखेसारखं. मी धावत गेलो.

"आप्पा! काय झालं हो?"

"पडलो. त्ये ऱ्हाऊ दे. तू आधी माझं ऐक."

जीपवाला स्टेअरिंगवर हात आपटत होता. "मिस्त्री, सांगा ह्यांला कायतरी! हाड मोडलंय. दवाखान्यात न्यायचं सोडून म्हनत्यात, आधी दुकान, मंग दवाखाना. सारा रस्ता माझं डोकं खाल्लं."

"तू गप बस रे," आप्पा म्हणाला. मग मला जवळ बोलावून हळू आवाजात सांगायला लागला. "त्ये डबडं रोज पहाटं झोपतं. पिन काढून लावली की उठतं. तू म्हनला व्हतास ना, लागलं तर रोज. म्या रोज शेळ्या सोडायच्या आधी चढून करून येत व्हतो. आज बी करून आलो, आज नेट हाय. पन उतरताना खालच्या पायऱ्या दवानं वल्ल्या व्हत्या, घसरलो. आता उद्या कोन चढनार? तिचे धा दिवस ऱ्हायलेत."

रोज? त्या लोखंडी शिडीवरून? अडुसष्ट वर्षांचा माणूस?

"आप्पा, मला फोन का नाही केला? रेणुकानं का नाही सांगितलं?"

"तिला ठावंच न्हाई." आप्पानं माझं मनगट धरलं. "पहिल्या दिवशी तिनं बघितलं, तवा मी म्हनलो आता नीट झालं. दुसऱ्या दिवशी परत झोपलं, पन ती उठायच्या आत मी करून आल्तो. ती भ्याली की तिची जीभ अडती, मंग फोनवर काय बोलनार? तिला वाटतंय मशीन पक्कं हाय, तर वाटू दे. मी पडलो कशानं म्हनून तिनं इचारलं, तर टाकीत पानी किती हाय बघायला गेल्तो म्हनलं. तू बी तेच सांग."

"ती आली नाही सोबत?"

"येत व्हती रडत. म्या म्हनलं, मी पडलो ते पडलो, तू जाग्यावरून उठू नको. आठ वाजले, बस कामाला."

जीप गेली. मी दुकानाच्या पायरीवर बसलो, जिथं हा माणूस बसून 'ह्ये काय काम हाय का' म्हणाला होता. डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली, आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

झालं होतं ते असं. राऊटरचा प्रोसेसर चिपेतल्या प्रत्येक जागेचा पत्ता विचारतो. सोळा एमबीपर्यंत तीन तुकड्यांचा पत्ता पुरतो. बत्तीसच्या चिपेला चार तुकड्यांचा लागतो. करंट नव्यानं मिळाला की ती चिप सुरुवातीला तीनच तुकडे ऐकते, मग सॉफ्टवेअर तिला सांगतं, आता चार ऐक. पण मशीन स्वतःहून रिबूट झालं, तर चिपेचा करंट जातच नाही. प्रोसेसर नव्यानं उठून तीन तुकडे बोलतो आणि चिप चौथ्याची वाट बघत बसते. दोघं गप्प. पिन काढली, करंट तुटला, की चिप भानावर येते. टेबलावर मी दहा वेळा पिन काढून बघितली होती. सॉफ्टवेअरनं रिबूट एकदाही करून बघितलं नव्हतं. वाचनात आलेलं होतं हे, कुठंतरी, कधीतरी. पण बत्तीस म्हटल्यावर माझं भान सुटलं. हाव, दुसरं काय! वर टाकीवरची पिन काढायला तरी खाली बटण असायला हवं होतं, तर खालपर्यंत वेगळी वायर ओढायचा मी आळस केलेला.

पहाटेचं रिबूट बंद केलं असतं तर रोजची झोप थांबली असती. पण ऊन वाढत चाललं होतं. पत्र्याच्या पेटीत तापून डबडं भर दुपारी स्वतःहून रिबूट झालं असतं, तर ड्युटीतच मेलं असतं. चिपच बदलायला हवी होती. शटर ओढलं, सोळाची चिप, गरम हवेची मशीन, लॅपटॉप पिशवीत भरलं आणि बस धरली.

पोचलो तेव्हा तिची ड्युटी चालूच होती. मी ओसरीत बसलो. आतून आवाज येत होता. "नमस्कार, मी रेणुका बोलतेय, आपली काय मदत करू?" स्वच्छ, गोड आवाज. कुणीतरी पलीकडून आजारी माणसाबद्दल सांगत होतं आणि ती म्हणत होती, "काळजी करू नका, मी आहे ना." खिडकीतून पाहिलं तर डोळे सुजलेले, नाक लाल, कानाला टोपडं, आणि शेजारी पालथ्या ठेवलेल्या फोनकडं सारखं लक्ष. सासऱ्याचं काय झालं हे तिला पाच वाजेपर्यंत कळणार नव्हतं. मला तिथं बसवेना. उठून शेळ्यांना उगाच पाला टाकत राहिलो.

पाच वाजता ती बाहेर आली. "काका, तुम्ही? काही बिघडलं का?"

"नाही गं. सर्व्हिसिंग. महिना होत आला की करावं लागतं."

"आमच्याकडं तर एकदाही गेलं न्हाई नेट. पहिल्या सकाळी थोडं झाल्तं, तेवढंच." मग लगेच तोंड पाडून म्हणाली, "मामांना काय गरज होती हो टाकीवर चढायची? ह्या वयात! पाणी बघायला म्हणे." आणि पिशवी घेऊन दवाखान्याकडं जायला निघाली. मी मान खाली घालून 'हो ना' म्हणालो. याहून नालायक 'हो ना' मी आयुष्यात म्हटलेलं नाही.

टाकीला चाळीस पायऱ्या आहेत. माहीत आहेत, कारण मी प्रत्येक पायरीवर देवाचं नाव घेत होतो. पहिल्यांदा बसवताना केबलवाल्याची माणसं चढली होती, मी खालून हात हलवून हुकूम सोडत होतो. वर पोचलो. पेटीशेजारी पोत्याची घडी, बसण्यासाठी. विड्यांची थोटकं. पेटीत दोन पिना होत्या, एक बॅटरीतून राऊटरला करंट देणारी आणि एक डोंगलची. त्यातल्या बॅटरीच्या पिनेला आप्पानं लुगड्याची लाल चिंधी बांधून ठेवली होती, म्हणजे अंधुक उजेडात चुकायला नको. मी त्या पोत्यावर बसलो आणि, लपवत कशाला, रडलो. माझ्या एका फुशारकीसाठी हा माणूस रोज इथवर येत होता.

मग डबडं खाली आणलं, तिच्या ओसरीत बसून बत्तीसची उपटली, सोळाची बसवली. सॉफ्टवेअरनं रिबूट केलं, उठलं. परत केलं, उठलं. वीस वेळा केलं. पहिला बल्ब लागायच्या आत परत चढून जागेवर बसवलं आणि पिनेची वायर खालपर्यंत ओढून हाताला येईल असं बटण दिलं. त्या बटणाला पुढं कुणालाही हात लावावा लागला नाही.

आप्पाच्या पायात सळई घातली. हाड जुळलं, पण थोडं तिरपं. काठी आली ती कायमची. रेणुका पास झाली, काम पक्कं झालं. आता तर तिनं गावातल्या आणखी दोघींना त्याच कामाला लावलंय.

पक्कं झालं त्या आठवड्यात ती पेढे घेऊन दुकानात आली. आप्पा सोबत, काठी टेकत. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्या सगळ्यांसमोर ती म्हणाली, "काकांच्या मशीननं महिनाभर एकदा पण दगा दिला न्हाई. काकांमुळं झालं माझं!" मला बोलायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात आप्पानं काठीचं टोक माझ्या पायाच्या अंगठ्यावर ठेवलं आणि दाबलं. मी पेढा खाल्ला. गिऱ्हाइकं म्हणाली, वा मिस्त्री.

ती बाहेर गेल्यावर मी म्हणालो, "आप्पा, मशीनचा दोष नव्हता. चूक माझी होती. चिप मीच चुकीची लावली."

आप्पा म्हणाला, "मला ठावं व्हतं की. सरपंचाच्या घरचं डबडं काय रोज उठवाया लागतं व्हय?"

"मग त्या दिवशी जीपमध्ये बोलला का नाहीत? शिव्या तरी द्यायच्या."

"दिल्या अस्त्या तर तू आलाच नसतास. ओशाळलेला मानूस फोन उचलत न्हाई, दुकान बंद करून बसतो. मला शिव्या द्यायच्या नव्हत्या, डबडं चालू पायजे व्हतं." काठी उचलून तो जायला निघाला आणि दारात वळला. "तिला सांगू नको. तुला मानती ती."

दोन वर्षं मी शब्द पाळला. रस्त्यात दिसली की ती अजून वाकून नमस्कार करते, आणि दर वेळी मी चोरासारखा आशीर्वाद देतो. हा अंक तुमच्या गावात येतो, रेणुका, आणि तू तो वाचतेस, हे मला माहीत आहे. आप्पा वाचत नाही, तेवढीच माझी सोय. तेव्हा ऐक. तुझं नेट मी चालवलं नाही. तुझा सासरा पाण्याची पातळी बघायला गेला नव्हता. एकवीस दिवस पहाटे तो तुझं काम वाचवायला त्या टाकीवर चढत होता, आणि त्याचा पाय माझ्यामुळं वाकडा आहे. यापुढं तुला नमस्कार करायचा असेल तर घरातच कर.